अकरा मुलं, एक पत्ता

सोमवारच्या भांडणानंतर आप्पा आणि बेबी एका खोलीत बसले ते थेट शनिवारी दुपारी. तेही जवळ नाही; आप्पा खिडकीपाशी, बेबी दाराजवळच्या खुर्चीत, आणि मधे जेवणाचं टेबल. टेबलावर अकरा टूथब्रश पडले होते. सगळे नवे, सगळे हिरवे.

"सगळे एकाच रंगाचे?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"दुकानात तेवढेच होते," दादा म्हणाला.

"अरे, अकरा मुलं एका घरात राहतात आणि अकराही जणांचे ब्रश हिरवे? सकाळी कुणाचा कुठला हे ओळखायचं कसं? आंधळ्यालाही कळेल की आज आणलेत."

"मग तू आणायचे होतेस."

वकीलसाहेब म्हणजे घरातलं शेंडेफळ. तो वकील नव्हता. एका वकिलाच्या ऑफिसात तेवीस वर्षं फायली लावत होता, आणि कायद्याचं अर्धवट ज्ञान तो इतक्या जोरात सांगायचा की पूर्ण ज्ञान असलेली माणसं त्याच्यापुढे गप्प बसत. दादा थोरला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या वीस-वीस मजली इमारती त्याच्या भरवशावर वरखाली करत आणि तो स्वतः मात्र बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. दिव्याखाली अंधार, असं आप्पा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला न चुकता ऐकवत. आज मात्र आप्पा काहीच ऐकवत नव्हते.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती दादाची बायको, पण घरातले सगळेच तिला वहिनी म्हणायचे, आप्पासुद्धा. रक्त तपासायच्या लॅबमध्ये ती नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवायची. एका नळीवर दुसऱ्याचं नाव गेलं तर काय होतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती प्रत्येक नाव दोनदा वाचायची. ही सवय घरीही सुटत नसे. तिने घड्याळ दोनदा पाहिलं. दीड वाजला होता. पडताळणी अधिकारी चार वाजता यायच्या होत्या.

भानगड तशी सरळ होती. बेबी, आप्पांची मुलगी, वय अठ्ठेचाळीस, सरकारी शाळेची मुख्याध्यापिका. शाळेत तिला मोठ्या बाई म्हणत आणि ती फाटकातून आत आली की राखणदार विडी विझवून उभा राहायचा. घरी ती बेबीच राहिली. या मोठ्या बाईंनी गेल्या दोन वर्षांत शाळेच्या पटावरच्या अकरा मुलांचा पत्ता म्हणून हे घर लिहून टाकलं होतं. ही मुलं इथे राहत नव्हती. ती कुठेच राहत नव्हती, आणि तीच अडचण होती.

नियम असा होता की मूल ज्या भागात राहतं त्याच भागातल्या शाळेत त्याचं नाव राहणार. पत्त्याची जागा कोरी ठेवली तर कॉम्प्युटर पुढे सरकतच नसे. घर नसलेल्या मुलापुढे निवारा केंद्राचा पत्ता लिहायचा. निवारा केंद्र शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तो पत्ता लिहिला की मुलाची बदली आपोआप तिथल्या शाळेत होत असे. पहिल्या दोन मुलांच्या बाबतीत बेबीने सगळं खरं लिहिलं होतं. दोघांची बदली झाली. एक मुलगा चार महिन्यांत शाळेतून गळाला, दुसरा सहा आठवड्यांत. दुसरा आता कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तिसऱ्या मुलाच्या वेळी बेबीने घरचा पत्ता लिहिला.

आणि मग या सत्राच्या सुरुवातीला विभागाने प्रत्येक मुलाच्या घरी एकेक पत्र पाठवलं, पत्ता खरा की खोटा ते बघायला. अकरा पाकिटं या दारात आली. ती आप्पांच्या हातात पडली.

आप्पांनी एकेचाळीस वर्षं टपाल वाटलं होतं. चुकीच्या दारात त्यांचं एकही पत्र गेलं नाही असं ते म्हणत, आणि ते खरं असावं. त्यांनी अकराही पाकिटं टेबलावर ओळीने मांडली, चष्मा पुसला आणि प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. खाली तारीख, खाली सही. मग तीन मजले उतरून स्वतः जाऊन पेटीत टाकून आले. पोरीचं काही नुकसान करावं असं त्यांच्या मनातही नव्हतं. चुकून आलेलं पत्र परत करतात, तसं केलं.

सोमवारी विभागातून बेबीला फोन आला. संध्याकाळी ती इथे येऊन आप्पांना म्हणाली, "तुम्ही एका सहीत अकरा मुलांची शाळा काढून घेतलीत." आप्पा म्हणाले, "मी खरं तेच लिहिलं." त्यापुढे दोघं जे बोलले ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं होतं.

"आता मुद्द्याचं बोलू," वकीलसाहेब म्हणाला. "सोपा उपाय सांगतो. दाराला कुलूप लावायचं आणि सगळ्यांनी बाहेर जायचं. अधिकारी येणार, कुलूप बघणार, 'घर बंद' असा शेरा मारणार. दुसरी फेरी महिन्याने. तोवर बघू."

"मी कुठे जाणार नाही," आप्पा म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं ते पहिलं वाक्य होतं.

"आप्पा, दोन तासांचा प्रश्न आहे. बागेत बसा. तसेही मंगळवारपासून रोज दुपारी जाऊन बसताच आहात, रुसून."

वहिनीने आप्पांच्या बुटांकडे पाहिलं. बागेत बसून बुटांना सिमेंटची एवढी धूळ लागत नाही, असं तिच्या मनात कालही येऊन गेलं होतं. पण या आठवड्यात आप्पांना काही विचारायची सोय नव्हती.

"कुलूप नको," बेबी म्हणाली. "महिन्याने तरी काय वेगळं होणार आहे? दादा, तू म्हणतोस तसंच करू. दोन-चार दप्तरं मांडू, गणवेश वाळत घालू. एक मुलगी आणलीच आहे मी. ती सांगेल."

"आणि बाकीची दहा कुठे गेली म्हणून विचारलं तर?"

"खेळायला गेली."

"दहाही?"

"दादा, तू माझ्या बाजूने आहेस की त्यांच्या?"

"तुझ्याच बाजूने आहे गं. म्हणून तर विचारतोय."

वहिनीने चहाचे दोन कप भरले आणि ती आतल्या खोलीत गेली. ही खोली तिच्या मुलाची. तो नोकरीसाठी दूर गेल्याला वर्ष झालं होतं, आणि तेव्हापासून दादाने तिथे लिफ्टच्या मोटारींच्या सुट्या भागांचे खोके रचून ठेवले होते. खोक्यांच्या मधल्या जागेत, खाटेच्या अगदी कडेवर, एक नववीतली मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. दप्तर शाळेचं वाटत नव्हतं इतकं फुगलेलं होतं.

"नीट बस की. खाट मोडत नाही."

"बरी आहे, काकू." तिने चहा घेतला. "एक विचारू? पंख्याचं बटण कुठलं?"

"गरम होतंय का?"

"नाही. त्यांनी विचारलं तर. मी इथे झोपते असं सांगायचंय ना. बाईंनी खोल्या शिकवल्या, पण बटण नाही सांगितलं."

वहिनीने तिला बटण दाखवलं. मुलीने ते ओठातल्या ओठात घोकलं.

"आणि रात्री इथे कसला आवाज येतो?"

"कसला म्हणजे?"

"प्रत्येक ठिकाणी येतो काहीतरी. गाड्यांचा, पाण्याच्या पंपाचा. जो खरंच झोपतो त्याला माहीत असतो."

वहिनी विचार करू लागली. तीस वर्षं ती या घरात राहत होती, पण या खोलीत ती एक रात्रही झोपली नव्हती. तिला सांगता येईना, आणि त्याची तिला लाजच वाटली.

"तुझी आई कुठे असते?"

"इस्पितळाच्या लाँड्रीत. आठला सुटते. धाकटी बहीण तिच्याबरोबरच असते, चादरींच्या ढिगावर झोपते. मला नाही झोपू देत तिथे, मी मोठी दिसते."

"मग तू?"

"मी शाळेत थांबते. बाई सातपर्यंत उघडी ठेवतात. सकाळी साडेसहाला राखणदारकाका फाटक उघडतात, तेव्हा पहिली मीच असते. तिथला संडास स्वच्छ आहे, नळाला पाणी असतं." ती थांबली. "बाईंना त्रास होणार का काकू? खरं सांगा."

"होईल बहुतेक," वहिनी म्हणाली.

बाहेर आवाज चढला होता. ती परतली तेव्हा वकीलसाहेब उभा राहून, कोर्टात कधी न मिळालेली उलटतपासणी घरात घेत होता.

"मला एक कळत नाही, बेबी. दोन वर्षं हा पत्ता कागदावर आहे. दोन वर्षांत शाळेकडून, विभागाकडून एकही पत्र या घरी आलं नाही? लसीकरणाचं नाही, परीक्षेचं नाही? अकरा मुलं आणि एक पाकीट नाही? आलं असेल तर आप्पांच्या हाती कसं नाही पडलं?"

बेबीने खाली पाहिलं. ती खोटं बोलण्यात कच्ची होती. दोन वर्षांत तिने एकच खोटं केलं होतं आणि ते लिहून.

"येत होती," वहिनी म्हणाली. "मी घ्यायचे. टपाल अकराला येतं, माझी दुपारपाळी असायची, म्हणून तेव्हा मी घरी असायचे. काढून ठेवायचे आणि रविवारी बेबीला द्यायचे. गेल्या महिन्यात पाळी बदलली."

दादा बायकोकडे बघत राहिला. त्याला राग आला असता तर बरं झालं असतं, पण त्याला वाईट वाटलं होतं आणि ते त्याच्या रुंद चेहऱ्यावर सगळ्यांना दिसलं.

"दोन वर्षं? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही आप्पांना सांगितलं असतंत."

"कशावरून?"

"तुम्ही आप्पांना सगळंच सांगता. माझी दातदुखीसुद्धा."

वकीलसाहेबाला हसू आवरेना. "घ्या! आम्ही इथे कटाचा मेंदू शोधतोय आणि तो स्वयंपाकघरात चहा गाळतोय."

"तू हसू नकोस," दादा त्याच्यावर उलटला. "तुला काय, तू साडेचारला चपला घालून घरी जाशील. उद्या चौकशी आली तर माझ्या दारात येणार. माझ्या बायकोचं नाव त्यात येणार. बेबी, तुला दुसऱ्या कुणाचं घर मिळालं नाही? याचं का नाही लिहिलंस?"

"माझं दोन खोल्यांचं आहे," वकीलसाहेब घाईने म्हणाला. "कुणालाच खरं वाटलं नसतं."

मघापर्यंत दोघे भाऊ एका बाजूला होते, आता ते समोरासमोर आले. बेबी उठून उभी राहिली. "माझं स्वतःचं का लिहिलं नाही, तेही विचारा. मी मुख्याध्यापिका, माझा पत्ता विभागाकडे आहे, पहिल्याच दिवशी पकडले गेले असते. म्हणून तुमचं लिहिलं. तुम्हाला न विचारता लिहिलं, ते चुकलं. पण मी काय करायला हवं होतं ते सांगा ना. पहिल्या तासाला मुलं बाकावर डोकं टेकून झोपतात. शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. कुठून असणार? वह्या पावसात भिजतात, म्हणून माझ्या कपाटात त्यांच्या वह्या आहेत. कुंपणावर त्यांचे कपडे वाळतात. दोन वर्षांपूर्वी दोन होती, आता अकरा आहेत, आणि ही मला कळलेली. विभागाने मला समुपदेशक दिलाय, तो फक्त बुधवारी येतो. मुलांनी अडचणी बुधवारी आणाव्यात! मला शिकवायचं शिक्षण मिळालंय. हे कसं करायचं ते कुणी शिकवलं नाही."

"तुला खोटं लिहायलाही कुणी शिकवलं नव्हतं," आप्पा म्हणाले.

"आप्पा, चार वाजता त्या विचारतील, मुलं इथे राहतात का. तुम्ही काय सांगणार?"

"राहत नाहीत, असं सांगणार."

"मग माझी नोकरी जाईल."

"जाईल," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज कापला, आणि तो कापलेला ऐकून वहिनीला धक्का बसला. सासूबाई गेल्या तेव्हाही तिने तो तसा ऐकला नव्हता.

चारला पाच मिनिटं असताना जिन्यात पावलं वाजली आणि दुसऱ्या मजल्यावर थांबली. बराच वेळ थांबली. दादाने ब्रश खिशात कोंबले, मग कुठे ठेवावेत ते न कळून पुन्हा टेबलावर ठेवले.

अधिकारी पन्नाशीच्या होत्या, एका गुडघ्याला पट्टा बांधलेला. दारातच त्यांनी विचारलं, "लिफ्ट नाही का हो?"

"नाही," दादा म्हणाला आणि लाल झाला.

त्या बसल्या, पाणी प्यायल्या, आणि पिशवीतून अकरा पाकिटं काढून टेबलावर ठेवली. ब्रशांकडे त्यांनी एकदा पाहिलं, त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं," आप्पा म्हणाले.

"सुंदर आहे. मी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहे, कारण तुम्ही सही केली आहे. ही अकरा मुलं या घरात राहतात का?"

"नाही. एकही राहत नाही."

बेबीने डोळे मिटले. वकीलसाहेबाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दादाने त्याच्या पायावर पाय ठेवला.

"ठीक आहे," अधिकारी म्हणाल्या. त्यांना आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी पेन काढलं. "पुढची ओळ मला विचारावीच लागते, उत्तर कुणी देत नाही तरी. इथे राहत नाहीत, तर कुठे राहतात?"

"लिहून घ्या," आप्पा म्हणाले.

ते उठून उभे राहिले, जणू बसून सांगणं त्यांना बरं वाटेना. हातात कागद नव्हता. "पहिला. त्याची आई टॅक्सी चालवते. रात्री गाडी रेल्वेपुलाखाली असते, नदीकडून तिसरा खांब. मागची सीट मुलाची, पुढची आईची. दुसरा आणि तिसरा, सख्खे भाऊ. गाद्यांच्या दुकानामागचं गोदाम. बाप तिथे राखणदार आहे. साडेआठला दुकान बंद झालं की आत, सकाळी सहाच्या आत बाहेर."

"आप्पा!" बेबी ओरडली. "ते लिहू नका. दुकानदाराला कळलं तर बापाची नोकरी जाईल."

अधिकारी पेन उचलून थांबल्या. "दुकानाचं नाव मी विचारलेलं नाही. 'गोदाम, मागचं दार' एवढं लिहिते." त्यांनी तेवढंच लिहिलं. "पुढे."

"चौथी. मावशीकडे. काकाला रात्रपाळी असेल तर घरात, नसेल तर जिन्यात. या आठवड्यात जिना. पाचवी, सहावी, सातवी, तिघी बहिणी. नाट्यगृहाच्या पाठीमागे, कपडेपटाची खोली. बाप पडदे ओढतो. आठवा, अर्धवट बांधलेली इमारत, सातवा मजला. तिथे भिंती आहेत, खिडक्या नाहीत. मी चढून गेलो."

"सात मजले?" दादा म्हणाला. "आप्पा, तुम्ही?"

"लिफ्ट नव्हती," आप्पा म्हणाले.

आता सगळ्यांच्या लक्षात आलं की मंगळवारपासून आप्पा बागेत बसलेच नव्हते. ते शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी जाऊन उभे राहत होते. एकेचाळीस वर्षांच्या सवयीने अकराही नावं त्यांना पाकिटांवरून पाठ झाली होती. राखणदार एकेका मुलाला त्यांच्यापुढे आणायचा, आणि ते त्याला म्हणायचे, तुझं एक पत्र माझ्या हातून परत गेलंय, ते आता कुठे आणून द्यायचं? मुलांनी त्यांना सांगितलं. जे मोठ्या बाईंना दोन वर्षांत नीटसं सांगितलं नव्हतं, ते चार दिवसांत टपालवाल्याला दाखवलं.

नववा आणि दहावाही त्यांनी सांगितला. अधिकाऱ्यांचं पान भरलं, त्यांनी दुसरं घेतलं. नियमात एका मुलाला एकच ओळ होती.

"हे सगळे पत्ते याच शाळेच्या हद्दीत येतात," आप्पा म्हणाले. "मी नकाशावर पाहिलंय."

"टॅक्सी म्हणजे पत्ता होत नाही, आजोबा."

"पत्र पोचतं ना तिथे? मी पोचवीन. ज्या जागी माणसाला पत्र पोचतं ती जागा त्याचा पत्ता असते, मला तरी एवढंच माहीत आहे."

अधिकाऱ्यांनी गुडघा चोळला. "मी जे ऐकलं ते लिहिलं. वर बसलेली माणसं ठरवतील. आजवर मी अशी शंभरेक घरं तपासली असतील, 'माहीत नाही' याशिवाय या ओळीत काही लिहायची वेळ आली नव्हती. सुनावणीत हे वाचून दाखवावं लागेल, ते मात्र मी करीन." मग त्या बेबीकडे वळल्या. "तुमचं वेगळं आहे, बाई. तुम्ही खोटा पत्ता नोंदवलात. सोमवारी शाळेचा ताबा द्यावा लागेल. चौकशी संपेपर्यंत."

"हो," बेबी म्हणाली. "कळलं."

"तुझी नोकरी मी घालवली," आप्पा तिला म्हणाले.

"हो. तुम्हीच." तिला माफ करता येत नव्हतं आणि माफ केल्याचं तिने दाखवलंही नाही. मग ती उठली, खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी घेऊन गेली. "तो इस्पितळाच्या व्हरांड्यात झोपणारा, नववा. तो रात्री जेवतो कुठे?"

"तिथल्या एका आयाच्या डब्यातलं. सुटीच्या दिवशी तीही नसते."

"मला हे माहीत नव्हतं," बेबी म्हणाली. तिने पर्समधून वही काढली आणि लिहायला लागली, जणू सोमवार अजून दूर होता.

"दहा झाले," अधिकारी म्हणाल्या. "अकरावी?"

"तिचं ठिकाण मला सापडलं नाही," आप्पा म्हणाले. "तीन दिवस तिच्यामागून चाललो. प्रत्येक वेळी ती कोपऱ्यावर थांबली आणि म्हणाली, आजोबा, तुम्ही आता घरी जा."

मुलगी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी होती. दप्तर पाठीवर होतं. पंख्याचं बटण, खिडकीकडे डोकं करून झोपायचं, सगळं तिला पाठ होतं आणि त्यातलं आता काहीच उपयोगाचं नव्हतं.

"तू कुठे राहतेस, बाळ?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मुलीची मान ताठ होती, पण कान लाल झाले होते.

"इथे," वहिनी म्हणाली.

"वहिनी, नको गं," बेबी म्हणाली. "आता खोटं कशाला?"

"खोटं नाही. आजपासून म्हणतेय मी. ही, तिची आई आणि बहीण. ती खोली रिकामीच आहे." बोलून गेल्यावर तिला कळलं, हे मागे घेता येणार नाही. दोन वर्षं पाकिटं लपवायला तिला काही मोजावं लागलं नव्हतं. वाटेल तेव्हा हात झटकता आले असते. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"खोलीत माझे खोके आहेत," दादा म्हणाला.

"गच्चीच्या जिन्यात ठेवा."

"गंजतील."

"गंजू देत."

दादाने वडिलांकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, मग पुन्हा बायकोकडे. "वर प्लास्टिक टाकावं लागेल," तो म्हणाला, आणि हा त्याचा होकार आहे हे फक्त तिलाच समजलं.

"एक मिनिट," वकीलसाहेब म्हणाला, "भाडेकरू कायद्याप्रमाणे..."

"तू गप्प बस," तिघे एकदम म्हणाले.

अधिकाऱ्यांनी अकराव्या ओळीवर पेन टेकवलं.

"मॅडम, थांबा," मुलगी म्हणाली. "लिहू नका."

"का गं?"

"आईला विचारावं लागेल." ती वहिनीकडे वळली. तिच्या आवाजात उपकाराची भाषा नव्हती आणि उद्धटपणाही नव्हता. ती फक्त नीट समजावून सांगत होती. "काकू, मागच्या वर्षी आम्ही एकांकडे राहिलो होतो. चांगली माणसं होती. त्यांनीच बोलावलं होतं. मग एक दिवस तिथल्या काकू आईला म्हणाल्या, तुम्ही पाणी फार वापरता. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, धाकटी फार हसते. आई काही बोलली नाही. पण निघताना मला म्हणाली, आता कुणाच्या घरी नाही जायचं. मी हो म्हटलंय."

मी तशी नाही, असं म्हणावंसं वहिनीला वाटलं, आणि मग जाणवलं की त्या बाईही बोलावताना तशा नव्हत्या.

"मग तिलाच विचारू," ती म्हणाली. "आठला सुटते ना? मी येते तुझ्याबरोबर."

"ती नाही म्हणेल बहुतेक."

"म्हणू दे. पण विचारते."

अधिकाऱ्यांनी पेनला टोपण लावलं. "अहवाल मी सोमवारी दहाला देते. तोवर ही ओळ कोरी ठेवते." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, आणि दादा न सांगता त्यांना आधार देत तीन मजले खाली सोडायला गेला.

सात वाजता वहिनी निघाली. इस्पितळ चालत अर्ध्या तासावर होतं. दुकानांचे दिवे लागत होते आणि मुलगी भरभर चालत होती, रस्ता पायाखालचा असल्यासारखी. वहिनी मागे मागे, मनात वाक्यं जुळवत आणि मोडत. 'आमच्याकडे जागा आहे' हे बरोबर नव्हतं. 'मुलीच्या शाळेसाठी' म्हटलं तर दडपण आल्यासारखं होईल. 'पाणी भरपूर आहे' हे तर मुळीच नको. लाँड्रीच्या दारातून गरम वाफेचा वास आला तेव्हा तिच्याकडे एकही वाक्य तयार नव्हतं. आजवर तिच्या घरी यायला कधी कुणी नाही म्हटलं नव्हतं, कारण तिने अशा कुणाला कधी बोलावलंच नव्हतं. आत चादरींच्या ढिगाशी एक बाई पाठमोरी उभी होती, आणि ती वळून आपल्याला नाही म्हणेल या भीतीने वहिनीचे पाय उंबऱ्यातच थांबले.